ऑनलाइन अभ्यासक्रम प्रसिद्ध करण्यापूर्वी तो ऐकून पाहावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी २८ वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीनंतर संगणकाशी माझा संबंध पत्रव्यवहारापुरताच उरला होता. परंतु गेल्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्यामुळे एक ऑनलाइन अभ्यासक्रम पहिल्या धड्यापासून शेवटच्या चाचणीपर्यंत तपासून पाहण्याची वेळ आली. त्यातून जे दिसले ते आपल्या वाचकांपुढे, आणि विशेषतः कोकणातील ज्या संस्था आता असे अभ्यासक्रम तयार करू लागल्या आहेत त्यांच्यापुढे, मांडावेसे वाटते.

हा विद्यार्थी काचबिंदूमुळे ऐन तिशीत पूर्ण अंध झाला. वडिलोपार्जित आंबा-काजूची बाग तो आईच्या आणि एका गड्याच्या मदतीने सांभाळतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी स्क्रीन रीडर नावाची सोय आता साध्या स्मार्टफोनमध्येही असते, आणि तिच्या आधारे तो फोन माझ्यापेक्षा कितीतरी जलद चालवतो. कलम बांधणीपासून मोहोराच्या संरक्षणापर्यंत सर्व काही शिकवणारा एक अभ्यासक्रम त्याने फी भरून घेतला. अभ्यासक्रम मराठीत होता आणि शिकवणारी माणसे जाणकार होती हे आधीच सांगतो, कारण माझी तक्रार त्यांच्या ज्ञानाविषयी नाही. पहिला धडा उघडल्यावर फोन जे वाचू लागला ते असे होते : चित्र, चित्र, नाव नसलेले बटण, चित्र, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. प्रत्यक्ष धड्यातला एकही शब्द त्याच्या कानी पडला नाही. मी धडे वाचून दाखवावेत एवढीच अपेक्षा घेऊन तो माझ्याकडे आला. मी ते वाचून दाखवले; पण नऊ धडे वाचता वाचता माझ्या लक्षात येत गेले की जे मला सांगावे लागत होते ते जवळपास सगळे, धडा लिहिणाऱ्याने लिहितानाच थोडी काळजी घेतली असती, तर फोननेच त्याला सांगितले असते.

सर्वांत मोठा अडथळा खास आपल्या लिपीचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. धड्यांसोबत ज्या पीडीएफ पुस्तिका दिल्या होत्या त्या डोळ्यांना स्वच्छ मराठीत दिसत होत्या, परंतु स्क्रीन रीडर त्यांतून निरर्थक रोमन अक्षरे वाचत होता. कारण असे की आपल्याकडे डीटीपीची पुष्कळ कामे अजूनही युनिकोड (म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला संगणकात स्वतःची ओळख देणारी पद्धत) नसलेल्या जुन्या टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, होतात. या टंकांत कागदावर उमटणारा आकार देवनागरी असला तरी संगणकाकडे साठवलेले अक्षर रोमनच असते. कृतिदेव टंकात 'मराठी' हा शब्द लिहिला तर संगणकाच्या लेखी तो ई, जे, के, बी, एच या पाच अक्षरांचा होतो आणि अंध माणसाला तेच ऐकू येते. काही पुस्तिका तर छापील पानांचे फोटो काढून तयार केल्या होत्या; त्यांत स्क्रीन रीडरला वाचण्याजोगे एकही अक्षर नव्हते. हे ओळखण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. पुस्तिकेतील एक परिच्छेद बोटाने निवडावा, त्याची नक्कल करावी आणि व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवून पाहावी. मराठी जशीच्या तशी उमटली तर ठीक. अक्षरांचा चिवडा झाला, किंवा परिच्छेद निवडताच आला नाही, तर ती पुस्तिका अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने कोरी आहे असे समजावे. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराचेही पीडीएफ करताना जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांट्या जागा बदलतात, असा अनुभव अनेकदा येतो. म्हणून पीडीएफसोबत तोच मजकूर वेबपानावर किंवा वर्डच्या फाइलमध्ये द्यावा, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते. मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद फाइलमध्ये करणेही विसरू नये, कारण ती नोंद नसेल तर आवाज परक्या उच्चारांनी वाचू लागतो आणि ऐकणाऱ्याचा अर्धा जीव शब्द ओळखण्यातच जातो.

फवारणीच्या धड्यात तर ही अडचण थेट धोक्याची झाली होती. मोहोरावरील तुडतुडे, भुरी आणि करपा यांसाठी कोणते औषध, दहा लिटर पाण्यात किती आणि किती दिवसांच्या अंतराने, हे सारे एका कोष्टकात होते आणि ते कोष्टक म्हणजे एक चित्र होते. फोनने त्याचे वर्णन 'चित्र' एवढेच केले. त्याखाली कीटकनाशकांची विषारीपणाची वर्गवारी म्हणून लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे चार त्रिकोण काढून 'रंग पाहून औषध निवडा' असे लिहिले होते. आपल्या बागायतदारांना ठाऊक आहे की औषधाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग आणि वरच्या अर्ध्या भागात इशाऱ्याचा शब्द छापलेला असतो, आणि लाल रंगाच्या वर कवटीचे चिन्हही असते. म्हणजे ज्यांनी डब्याचा नियम केला त्यांनी केवळ रंगावर विसंबून राहायचे नाही हे पाहिले होते. धडा तयार करताना मात्र तो शब्द गळला. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे आपल्या आसपास पुष्कळ असतात आणि पुस्तिका काळ्या-पांढऱ्या रंगात छापून घेणारी त्याहून अधिक. त्या सर्वांना हे चार त्रिकोण सारखेच दिसणार. असे कोष्टक खऱ्या ओळी-स्तंभांचे केले आणि पहिली ओळ शीर्षकाची म्हणून नोंदवली, तर स्क्रीन रीडर प्रत्येक आकड्याबरोबर तो कशाचा आकडा आहे हेही सांगतो.

चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राच्या जागी स्क्रीन रीडर वाचेल असे लिखित वर्णन, द्यावे ही सूचना आता अनेकांनी ऐकलेली असते, परंतु काय लिहावे याचा विचार फारसा होत नाही. काजूच्या मृदुकाष्ठ कलमाच्या धड्यात सात छायाचित्रे होती. पाचांना काहीच नाव नव्हते आणि दोघांना 'कलम' एवढेच होते. खुंटरोपावर उभा काप कुठे घेतला आहे, कलमकाडी पाचरीसारखी दोन्ही बाजूंनी कशी तासली आहे, सालीशी साल कोणत्या बाजूने जुळवली आहे आणि पट्टी खालून वर गुंडाळली आहे की वरून खाली, हेच तर त्या छायाचित्रांतून शिकायचे होते. वाक्य लांब झाले तरी चालेल, पण ज्यासाठी चित्र घेतले ती गोष्ट त्यात आली पाहिजे. उलट, पानाच्या कडेला शोभेसाठी आंब्याची डहाळी काढली असेल तर तिचे वर्णन करण्याची गरज नाही. तिथे पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे स्क्रीन रीडर ती ओलांडून पुढे जातो. कोणते चित्र कोणत्या प्रकारचे, हे विषय शिकवणाऱ्यालाच कळते. म्हणून हे काम डीटीपी करणाऱ्यावर सोपवून चालत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मथळ्यांचेही तसेच. अक्षर मोठे आणि ठळक केले की डोळ्यांना तो मथळा वाटतो, पण वर्डमधली मथळ्याची शैली वापरली नसेल तर स्क्रीन रीडरला तो साधा परिच्छेदच असतो. आपण पान चाळून हवा तो भाग शोधतो, तसा अंध वाचक मथळ्यांवरून उड्या मारत शोधतो. मथळेच नसतील तर प्रत्येक वेळी धडा आरंभापासून ऐकणे त्याच्या नशिबी येते. 'येथे क्लिक करा' या दुव्यांबद्दलही एवढेच म्हणेन की दुव्यांची यादी ऐकताना सात वेळा तेच शब्द आले तर त्यांतला पुस्तिकेचा कोणता आणि चाचणीचा कोणता हे कोणालाच सांगता येणार नाही.

आता व्हिडिओंविषयी. आमच्या शेजारच्या वाडीतील बचत गटात एक भगिनी आहेत. त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही. त्या गटाने कोकमावर प्रक्रिया करण्याचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला होता, आणि वरील अनुभवानंतर मी तोही त्यांच्यासोबत बसून पाहिला. रातांब्याच्या साली रसात भिजवून वाळवायच्या, पुन्हा रसाचे पुट द्यायचे, किती पुटे द्यायची आणि मीठ केव्हा घालायचे, हे सारे शिकवणाऱ्या बाई तोंडी सांगत होत्या आणि पडद्यावर फक्त त्यांचे हात दिसत होते. खाली उमटणारी उपशीर्षके यंत्राने आपोआप केलेली होती. त्यांत आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, 'आग' झाली होती आणि पुटाचे 'फूट'. घरात पिढ्यान् पिढ्या आमसुले होत असल्याने त्या भगिनींना चूक कळली. ज्याला हा उद्योग नव्याने शिकायचा आहे त्याला ती कळणार नाही. यंत्राची उपशीर्षके कच्चा मसुदा म्हणून जरूर घ्यावीत, पण विषय जाणणाऱ्या माणसाने ती शब्दन् शब्द तपासल्याशिवाय प्रसिद्ध करू नयेत. याला वेळ लागतो हे मला मान्य आहे. तासाभराच्या व्हिडिओसाठी सरावाच्या माणसालाही काही तास द्यावे लागतात, आणि म्हणूनच तो खर्च अभ्यासक्रमाच्या अंदाजपत्रकात आरंभीच धरला पाहिजे.

याच व्हिडिओंची दुसरी बाजू माझ्या अंध विद्यार्थ्याच्या वाट्याला आली होती. शिकवणारे गृहस्थ सांगत होते, "हे असे धरायचे, इथे असा काप द्यायचा आणि मग हे यात असे बसवायचे." समोर बसलेल्याला हे पुरेसे आहे, ऐकणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही. चित्रीकरण करताना 'हे' आणि 'असे' यांच्या जागी वस्तूचे नाव, दिशा आणि माप उच्चारायची सवय लावून घेतली तर वेगळे ध्वनिवर्णन, म्हणजे दृश्याचे बोलून केलेले वर्णन, जोडण्याची गरज बरीच कमी होते, आणि त्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही. आम्ही वर्गात फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने उच्चारत असू, कारण मागच्या बाकावरच्या मुलाला दिसेलच याची खात्री नसे. तेवढेच इथे करायचे आहे.

व्हिडिओची लिखित संहिता सोबत दिली तर तिचा लाभ आमच्या भागात सर्वांनाच होईल. खालच्या वाड्यांत नेटवर्क मिळत नाही म्हणून मुले अजूनही फोन घेऊन सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावर, जातात, आणि पावसाळ्यात वीज गेली की मनोऱ्याचे संकेतही जातात. चारशे एमबीचा व्हिडिओ तिथे उतरत नाही. चार पानांची संहिता क्षणात उतरते. फिकट करड्या अक्षरांचा जो शौक सध्या दिसतो, तोही असाच सर्वांना नडतो. वेबच्या सुगम्यतेसाठी, म्हणजे दिव्यांगांनाही ते वापरता यावे यासाठी, जे आंतरराष्ट्रीय निकष वापरले जातात त्यांप्रमाणे साध्या आकाराचे अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे लागते. बागेत उन्हात उभे राहून फोन पाहणाऱ्याला आणि मोतीबिंदू पिकत आलेल्या माझ्यासारख्या माणसाला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

परंतु मला सर्वाधिक अन्यायाची गोष्ट वाटली ती शेवटची चाचणी. धडा समजला नाही तर कोणाकडून तरी वाचून घेता येतो; चाचणी ज्याची त्यानेच द्यायची असते. त्या चाचणीत 'जोड्या लावा' हा प्रश्न बोटाने चौकट ओढून दुसऱ्या चौकटीवर सोडण्याचा होता, आणि स्क्रीन रीडरने किंवा केवळ कळफलकाने तो सोडवण्याची कोणतीही सोय नव्हती. हाताला कंप असलेल्या माणसालाही तो अशक्यच. उत्तरांच्या चौकटींना नावे नव्हती, त्यामुळे कोणती चौकट कोणत्या प्रश्नाची हे ऐकून समजत नव्हते. वीस प्रश्नांना पंधरा मिनिटे दिली होती आणि ती वाढवून मागण्याची व्यवस्था नव्हती. केंद्र शासनाच्या २०१८ मधील मार्गदर्शक सूचनांनी पात्र दिव्यांग उमेदवारांना लेखी परीक्षेत तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ ठरवून दिला होता. ऑनलाइन चाचणीला तोच न्याय लावण्यात कोणती अडचण आहे, हे मला समजले नाही. माझ्या विद्यार्थ्याला आठ प्रश्नांपर्यंतच पोहोचता आले. ती आठही उत्तरे बरोबर होती, आणि निकाल अनुत्तीर्ण असा आला.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर ही मेहेरबानीची बाब राहिलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये ध्वनी, मुद्रण आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व मजकूर सुगम्य स्वरूपात उपलब्ध व्हावा आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा व उपशीर्षके यांची सोय असावी, यासाठी शासनाने उपाययोजना करावी असे म्हटले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, त्यांतील किमान निकष बंधनकारक केले पाहिजेत, असा निर्णय दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दिव्यांगांची नोंद २९ लाखांहून अधिक झाली होती. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला प्रत्यक्ष वर्गाचा पर्याय असतो. देवगड, राजापूर किंवा गुहागरच्या खेड्यातील दिव्यांग तरुणासाठी घरबसल्या शिकणे हाच अनेकदा एकमेव मार्ग असतो.

काही संस्था पानाच्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठे करण्याचे किंवा रंग बदलण्याचे बटण बसवतात आणि काम झाले असे मानतात. त्या बटणाने चित्रातले कोष्टक वाचता येत नाही आणि नाव नसलेल्या चौकटीला नाव मिळत नाही. स्वयंचलित तपासणीची साधने मात्र जरूर वापरावीत. वर्डमध्ये सुगम्यता तपासण्याची सोय असते, आणि वेव्ह नावाचे साधन वेबपान विनामूल्य तपासून देते. ते साधन तयार करणारी वेबएम ही अमेरिकेतील संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुख्यपृष्ठे तपासते. २०२४ च्या तपासणीत त्यांपैकी ९५.९ टक्के पृष्ठांवर चुका आढळल्या. आढळलेल्या चुकांचा बहुतांश वाटा सहाच प्रकारांचा होता : फिकट अक्षरे, चित्रांना नसलेला पर्यायी मजकूर, नाव नसलेल्या चौकटी, रिकामे दुवे, रिकामी बटणे आणि भाषेची नोंद नसणे. ती पाहणी अभ्यासक्रमांची नव्हती, तरी आम्ही नऊ धड्यांत जे टिपले त्यात हे सहाही प्रकार होते. अशी साधने पर्यायी मजकूर आहे की नाही हे सांगतात. 'कलम' हा एक शब्द तिथे पुरेसा आहे का, हे त्यांना कळत नाही. त्यासाठी माणूस लागतो. माउस बाजूला ठेवून केवळ टॅब कळीने धडा चालवून पाहावा, आवाज बंद करून व्हिडिओ पाहावा, डोळे मिटून तोच व्हिडिओ ऐकावा, आणि सरतेशेवटी एखाद्या अंध व एखाद्या कर्णबधिर व्यक्तीला योग्य मानधन देऊन पूर्ण अभ्यासक्रम तपासून घ्यावा. एनव्हीडीए हा संगणकावरील स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो, त्यामुळे खर्चाची सबब इथे टिकत नाही.

आमच्याच तालुक्यातील पोंभुर्ले गावी जन्मलेल्या आचार्य बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा एकाच अंकात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला. एका भाषेचा वाचक दुसऱ्या भाषेवाचून अडू नये म्हणून त्यांनी तोच मजकूर दोनदा जुळवून घेण्याचे कष्ट त्या काळच्या छापखान्यात सोसले. आज एक परिच्छेद युनिकोडमध्ये लिहिला तर तो वाचता येतो, ऐकता येतो, मोठा करून पाहता येतो आणि ब्रेलमध्येही उतरतो.

संबंधित संस्थेला मी या सर्व चुका धड्यांच्या आणि पानांच्या क्रमांकांसह लिहून कळवल्या आहेत. 'पुढील आवृत्तीत विचार करू' असे त्यांचे सौजन्यपूर्ण उत्तर आले आहे. पुढची तुकडी आंबा मोहोरण्यापूर्वी सुरू होणार आहे, असे त्यांनी जाहीर केले असल्याने माझी त्यांना आणि अशा सर्व संस्थांना विनंती आहे की सगळे एकाच वेळी होत नसेल तर निदान फवारणीचे कोष्टक मजकुराच्या रूपात द्यावे, पुस्तिका युनिकोडमध्ये आणाव्यात आणि चाचणीची वेळ व 'जोड्या लावा'चा प्रश्न बदलावा. धडे पुन्हा तपासून देण्यास माझा विद्यार्थी तयार आहे, आणि त्याच्यासोबत बसण्यास मीही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग